‘रोखा’नंतरचा शब्द

एकदा एका तालुक्याच्या गावी, धर्मादाय रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात, एक वृद्ध तंत्रज्ञ होते. सगळे रुग्णालय त्यांना आबा म्हणे. त्यांचे पूर्ण नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक होते. त्यांच्या हाताखाली सुलक्षणा नावाची एक शिष्या होती. शिष्या म्हटले तरी वयाने ती काही लहान नव्हती. तिचा मुलगा शाळेत जात होता आणि कानशिलाजवळचा एखाददुसरा केस पांढरा दिसू लागला होता. पण शिकणाऱ्याला वय नसते, आणि आबांपुढे ती अजून शिकतच होती.

ज्या दिवशी बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला होता. बाहेरच्या बाकावर माणसे दाटीने बसली होती. लाकडाच्या वखारीतल्या एका हमालाचे मनगट सुजून आले होते. खोकणाऱ्या एका आजीचा छातीचा फोटो नुकताच काढून झाला होता आणि ती फिल्मची वाट पाहत पदर तोंडाशी धरून बसली होती. सुलक्षणा हमालाचा हात टेबलावर नीट मांडत होती. बोटे पसरा, कोपर हलवू नका, असे त्याला सांगत असताना तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातला फोन थरथरला. तिने तो पाहिला नाही. फोटो घेतला, हमालाला बाहेर पाठवले आणि मगच फोन हातात घेतला. वर्गमैत्रिणीचा निरोप होता. पदवीचा निकाल लागला होता आणि सुलक्षणा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती.

किरण अडवणाऱ्या शिशाच्या काचेमागे एक स्टूल असते. ती त्यावर बसली. खरे तर उठून नाचावेसे वाटत होते.

या निकालावर काय अवलंबून होते, ते सांगितले पाहिजे. बारावीनंतर सुलक्षणाने क्ष-किरण तंत्रज्ञानाची पदविका घेतली आणि लग्नाआधीच या रुग्णालयात ती नोकरीला लागली. तिचा हात हलका होता. मोडलेले हाड हलवताना रुग्ण तिच्यापुढे कमी ओरडत. परंतु रुग्णालयाचा नियम असा होता, की पदविकावाल्याने साध्या क्ष-किरण खोलीतच राहायचे. सीटी स्कॅनच्या यंत्राला आणि विभागाच्या प्रमुखपदाला पदवी हवी. मागे एकदा वरिष्ठ तंत्रज्ञाची जागा निघाली तेव्हा शहरातून एक पदवीधर मुलगा आला आणि तिच्या वर बसला. मुलगा सालस होता. त्याच्याशी तिचे वैर नव्हते. तो वर्षभरात मोठ्या रुग्णालयात निघून गेला, पण त्या वर्षात एक गोष्ट तिला नीट कळली. अनुभव माणसाला जिथे आहे तिथे पक्का करतो. वरच्या पायरीचे दार मात्र कागद पाहूनच उघडते. त्याच उन्हाळ्यात तिने पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. सकाळी जिल्ह्याच्या गावी वर्ग, दुपारी एस.टी.ने परत आणि मग दुपारची पाळी, असे तिचे दिवस सुरू झाले. एस.टी.त ती मिटल्या डोळ्यांनी उजळणी करी. शेजारच्या बायकांना वाटे, ही जपच करते आहे. परीक्षा झाल्यापासून मात्र ती सकाळपासूनच कामावर असे.

आता आबा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोणाला नेमायचे, हे वैद्यकीय अधीक्षकांनी दोन गोष्टींवर सोडले होते: एक सुलक्षणाचा निकाल आणि दुसरी आबांचा शब्द. निकाल तर लागला. शब्द अजून बाकी होता. आबांनी होकार दिला नाही, तर पुन्हा शहरातून कोणी येणार होते आणि सुलक्षणा पदवी घेऊनही त्याच खोलीत राहणार होती.

बातमी विभागातून वॉर्डात आणि वॉर्डातून स्वयंपाकघरापर्यंत गेली. मेट्रन सिस्टर मुद्दाम खाली आल्या आणि म्हणाल्या, की आता आम्हाला साधा एक्स-रे हवा असला तरी मॅडमची वेळ मागून घ्यावी लागणार. स्वयंपाकघरातल्या बाईंनी विचारले, की डॉक्टर झालीस का. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग एवढा आनंद कसला. सगळे हसले. सुलक्षणा सर्वांत जास्त हसली. विभागातला कनिष्ठ तंत्रज्ञ नागनाथ वॉर्डात न्यायचे फिरते यंत्र ढकलत आला. “अभिनंदन, ताई,” एवढेच म्हणाला. यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून तो जरा वेळ थांबला. तिने त्याला पेढा आणायला सांगू का म्हणून थट्टेने विचारले. तो हसला आणि यंत्र ढकलत पुढे गेला.

आबा मात्र हातातले काम करत राहिले. बाक रिकामा होत आला तेव्हा ते आत आले आणि डॉक्टरांची एक चिठ्ठी त्यांनी सुलक्षणासमोर ठेवली. निवृत्तीपूर्वीच्या तपासणीत छातीचा फोटो सांगितला होता.

“हा तूच काढ,” ते म्हणाले. “अधीक्षकसाहेबांनी मला जेवणानंतर बोलावलंय. त्याच्या आत उरकू.”

सुलक्षणाला अर्थ कळायला वेळ लागला नाही. आबा उगाच कोणाच्या अंगावर एक किरणही पडू देत नसत. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर नगराध्यक्षांनाही त्यांनी दारातून परत पाठवले होते. चिठ्ठी खरी होती, तपासणी खरी होती. पण नागनाथ मोकळा असताना त्यांनी तिलाच सांगितले होते, आणि पुढे साहेबांकडे जायचे होते. ही तिची खरी परीक्षा होती.

तिने मनाशी ठरवले, की विद्यापीठाच्या बाह्य परीक्षकासमोर जसे केले तसेच करायचे. आबांनी सदरा काढला, गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली आणि ते उभ्या फलकाला छाती टेकून उभे राहिले. बनियनमधून त्यांच्या पाठीचे मणके दिसत होते. हा माणूस इतका वाळला आहे, हे तिला पांढऱ्या कोटामुळे कधी कळलेच नव्हते. तिने फलकाची उंची जुळवली. हनुवटी वर घ्यायला लावली. हातांचे पंजे उलटे करून कमरेवर ठेवायला सांगितले, कोपरे पुढे, आणखी पुढे, म्हणजे खांद्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. बाजू दाखवणारे शिशाचे अक्षर लावले. दार बंद केले, काचेमागे गेली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “दीर्घ श्वास घ्या. आणखी घ्या. रोखा.”

यंत्राचा ओळखीचा आवाज झाला. फोटो पडद्यावर उमटला.

फोटो सुरेख होता. फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या, दोन्ही बाजू सारख्या होत्या, खांद्याची हाडे पूर्ण बाहेर होती आणि फुप्फुसे स्वच्छ होती. हे शेवटचे पाहून तिला सर्वांत बरे वाटले. परीक्षकाने असा फोटो पाहिला असता तर दुसरा प्रश्नच विचारला नसता. तिने फोटोवर नाव घातले, तो डॉक्टरांच्या पडद्यावर पाठवून दिला आणि हाक मारली, “आबा, या बघायला. एकदम नितळ आहे.”

आबा आले नाहीत.

तिने काचेतून पाहिले. ठेवले होते तसेच ते उभे होते. हनुवटी वर, कोपरे पुढे, छाती भरलेली. तिला वाटले, फोटो घेतला हे त्यांना समजले नसावे. पण आयुष्यभर तो आवाज ऐकलेल्या माणसाला तो समजला नाही, असे कसे होईल? ती बाहेर आली. आबांच्या मानेवरची शीर फुगली होती, कानांच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या. डोळे तिच्याकडे वळले, ओठ घट्ट मिटलेलेच राहिले.

“काय होतंय, आबा? चक्कर येतेय का?” तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा लाकडासारखा ताठ लागला. आणि हात तिथे असतानाच तिच्या ध्यानात आले.

“सोडा,” ती म्हणाली. “आबा, श्वास सोडा.”

आबांनी श्वास सोडला. तो इतका लांब होता, की संपता संपेना. मग ते खोकले, भिंतीला धरून स्टुलापर्यंत आले आणि बसले. सुलक्षणाने त्यांना पाणी दिले. आधी ती घाबरली होती; आता तिला राग आला. ही काय थट्टा झाली, या वयात असे काही करतात का, काही झाले असते तर मी कोणाला तोंड दाखवले असते, असे ती भराभर बोलत राहिली. आबांनी तिला बोलू दिले, पाणी संपवले आणि म्हणाले, “तू ‘रोखा’ म्हणालीस. मी रोखला.”

“पण फोटो झाला, हे तुम्हाला कळलं होतं.”

“मला कळलं. बाकावरच्या माणसाला कळतं का?”

‘सोडा’ हा शब्द ती विसरली, हे उघड होते. पण कशी विसरली? पदविका घेऊन ती या खोलीत आली तेव्हा आबांनी पहिल्याच आठवड्यात तो शिकवला होता, आणि कितीतरी वर्षे तो तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडत आला होता. मग तिला विद्यापीठाची ती खोली आठवली. प्रात्यक्षिक परीक्षेत यंत्र बंद असते. किरण सोडायचाच नसतो. रुग्ण म्हणून वॉर्डबॉयला उभे करतात. विद्यार्थ्याने त्याला उभे करायचे, सूचना द्यायच्या, आणि ‘रोखा’ म्हटले की परीक्षक मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. वॉर्डबॉय आपला आपण श्वास सोडतो आणि कान खाजवतो. परीक्षेच्या आधी कितीतरी आठवडे ती एस.टी.त, ओट्यापाशी, झोपताना हेच घोकत होती, आणि घोकणे दरवेळी ‘रोखा’पाशी संपत होते. त्याच्या पुढच्या शब्दाला गुण नव्हते.

आणि मग तिला याहून वाईट शंका आली. ती दार उघडून बाहेर गेली. खोकणारी आजी अजून बाकावरच होती.

“आजी,” तिने तिच्याजवळ बसत विचारले, “मघाशी फोटो काढताना तुम्ही श्वास कधी सोडलात?”

“तू दार उघडलंस तवा,” आजी म्हणाली.

“एवढा वेळ का धरून ठेवलात? जीव घाबरा झाला असेल.”

“झाला की. पर म्हटलं, मदीच सोडला आन् फोटू बिघडला, तर बाई कावंल. शिकल्याली माणसं कावत्यात.” असे म्हणून आजीने तिच्या गुडघ्यावर थोपटले, जणू सुलक्षणालाच धीर हवा होता.

सुलक्षणा आत आली. आबा सदऱ्याची बटणे लावत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, की साहेबांना माझे नाव सांगू नका. पदवी मिळवता मिळवता मला येत होते तेही मी घालवून बसले, आणखी वर्षभर मला याच खोलीत राहू द्या.

आबांनी शेवटचे बटण लावले.

“पदवी मिळवलीस, ते चांगलंच केलंस,” ते म्हणाले. “माझ्याकडे ती नाही; नियम येण्याआधीचा, म्हणून मी या जागेवर राहिलो. सीटीचं यंत्र या गावात आलं तेव्हा मी लांबून बघत राहिलो. तुला ते चालवता येईल, याचा मला आनंद आहे. पण परीक्षेचा स्वभाव ओळखून ठेव. आपल्याला काय करता आलं, एवढंच ती विचारते. आपलं करून झाल्यावर समोरच्याचं काय झालं, हे ती विचारत नाही. फोटो मिळाला की आपलं काम संपल्यासारखं वाटतं. त्याचं संपलेलं नसतं. तो आपल्या शब्दावर श्वास धरून उभा असतो. आज या खोलीत एका वेळी एक माणूस तसा उभा असतो. उद्या तू वर गेलीस, की काचेपलीकडे न दिसणारी माणसंही तशीच उभी राहतील. पद वाढतं म्हणजे दुसरं काय वाढतं?”

“म्हणूनच म्हणते, मी त्या लायक नाही.”

“तू माझ्या खांद्याला हात लावलास आणि तुझं तुलाच समजलं. मला सांगावं लागलं नाही. शिवाय लगेच जाऊन त्या आजीला विचारून आलीस. शहरातून येणारा कसा असेल, मला काय माहीत?” आबा उठले, टोपी नीट केली आणि दारापाशी थांबले. “मात्र एक आहे. आणखी थोडा वेळ फोटो न्याहाळत बसली असतीस ना, तर माझी जागा महिनाअखेरीची वाट न बघताच रिकामी झाली असती.”

ते साहेबांकडे गेले. सुलक्षणाला हसूही आले आणि डोळ्यांत पाणीही.

जेवणाची सुट्टी संपून थोडा वेळ झाला तेव्हा विभागातला फोन वाजला. अधीक्षकांनी स्वतः सांगितले, की आबांनी हो म्हटले आहे. पहिल्या तारखेपासून विभाग तिच्याकडे. आबा आणखी काही म्हणाले का, असे तिने भीत भीत विचारले. अधीक्षक म्हणाले, छातीचा फोटो फार चांगला काढते, एवढेच म्हणाले.

तिने फोन ठेवला. आता कोणाला सांगावे म्हणून तिने दाराबाहेर पाहिले, तर नागनाथ फिरते यंत्र जागेवर लावून त्याची वायर गुंडाळत होता. वायर गुंडाळून झाली होती. तरी तो ती उलगडून पुन्हा गुंडाळत होता. सुलक्षणा पाहत राहिली.

नागनाथही पदविकावालाच. दिवाळीच्या सुमारास त्याने तिला विचारले होते, की मलाही थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा आहे; वर्ग सकाळचे, म्हणजे तुमची दुपारची पाळी मला मिळाली तरच जमेल. तेव्हा ती म्हणाली होती, जरा थांब रे, माझा निकाल लागू दे, मग तुझे बघू. प्रवेशाची मुदत परवा संपत होती. हे तिला माहीत होते. महाविद्यालयाची सूचना तिनेच त्याला दाखवली होती. सकाळपासून तिने साऱ्या रुग्णालयाशी बोलून घेतले होते. आणि हा मुलगा सकाळपासून यंत्र घेऊन तिच्या दारावरून येत-जात होता, थांबत होता, न विचारता पुढे जात होता. मोठ्या माणसाच्या आनंदाच्या दिवशी आपले काम काढायचे नाही, अशी त्याच्या घरची शिकवण असावी.

“नागनाथ,” तिने हाक मारली. “दुपारची पाळी तुझी. उद्याच जाऊन नाव घाल. विभागाची संमती मी आत्ता साहेबांकडून घेते.”

नागनाथने वायर खाली ठेवली. त्याची छाती एकदा वर झाली आणि खाली आली, आणि खांदे एकदम उतरले. इतके दिवस ते वर ओढलेले होते, हे उतरल्यावरच दिसले.

“ताई, मला वाटलं, आता तुम्ही वर गेलात, तर पाळीचं नव्यानं ठरेल,” तो म्हणाला. “घरी सांगून टाकलं होतं, की यंदा नाही जमत.”

“आधी विचारायचं नाही का, वेड्या?”

“तुम्ही थांब म्हणाला होतात,” नागनाथ म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. जे झाले होते तेच तो सांगत होता.

सुलक्षणाने मान हलवली. मग तिने त्याला खरोखरच पेढे आणायला पिटाळले, आणि पहिला पेढा बाकावरच्या आजीला दिला. आजीने अर्धा खाल्ला आणि अर्धा पदराला बांधला. फिल्म घेऊन जाताना तिने विचारले, की आता श्वास घेऊ का मोकळेपणाने, आणि सुलक्षणासकट सगळा बाक हसला.

पुढे सुलक्षणाने विभाग चांगला चालवला. सीटीचे यंत्र तर स्वतःच रुग्णाला सूचना देते. श्वास रोखा, असे एक ध्वनिमुद्रित बाई सांगते आणि श्वास सोडा, असेही तीच सांगते. तरी यंत्राची बाई बोलून झाली, की सुलक्षणा आपल्या तोंडाने एकदा ‘सोडा’ म्हणते. नवे विद्यार्थी हसतात. ती त्यांना हसू देते. ज्याला आपण थांब म्हटले, त्याला पुढचा शब्द आपण देणे लागतो. हे आपल्यापैकी ज्यांच्या हाती थोडेफार काही आहे, त्या सर्वांनाच लागू आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र ती घरी पोहोचली, चप्पल काढली आणि तशीच उंबऱ्यात उभी राहिली. ती शिकत होती तेव्हा मुलाला शाळेतून आणायला आणि कुकर लावायला सासूबाई गावाहून येऊन राहिल्या होत्या. आपली म्हैस जावेच्या हवाली करून त्या या दोन खोल्यांत दिवस काढत होत्या. परीक्षा होऊ द्या, मग तुम्हाला गावी पोहोचवते, असे सुलक्षणाने त्यांना सांगितले होते. कधी, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. माघात त्या इथेच वारल्या. त्यांना गावी पोहोचवायचे राहून गेले.